कमी वाचल्या जाणाऱ्या इतिहास-धर्मविषयक पुस्तकांवर अभिप्राय देताना या चुका टाळा

गाजलेल्या कादंबरीवर शेकडो लोकांनी लिहिलेलं असतं. त्यात एखाद्याने काहीबाही लिहिलं तरी बाकीचे सांभाळून घेतात. पण बखरीची संपादित आवृत्ती, शकावली (शकांच्या क्रमाने केलेल्या घटनांच्या नोंदी), महानुभाव पंथाचं गद्य, एखाद्या दैवताच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ यांच्या वाट्याला फार तर दोन-तीन अभिप्राय येतात. तेवढ्यावरच पुढचा वाचक पैसे घालायचे की नाहीत ते ठरवतो. त्यातले दोन जर ‘अप्रतिम! संग्राह्य!’ आणि तिसरा ‘पैसे वाया’ असेल, तर त्या वाचकाच्या हाती काय लागलं?

या अभिप्रायांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

विषयाला गुण देणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि बाकीच्या बऱ्याच हिच्याच पोटातून निघतात. शिवचरित्राच्या साधनांवर पुस्तक असतं, अभिप्रायात असतं ‘महाराजांना मानाचा मुजरा’ आणि पाच तारे. संतवाङ्मयावर ग्रंथ असतो, खाली ‘राम कृष्ण हरी’ आणि पुन्हा पाच तारे. मुजऱ्याला कुणाची हरकत असणार? पण पुस्तकाबद्दल त्यात एक अक्षर नाही. संपादकाने कोणती हस्तलिखितं वापरली, प्रस्तावना उपयोगी आहे का, शेवटी सूची आहे का, यातलं काहीच कळत नाही.

हीच चूक उलट्या बाजूनेही होते, आणि ती जास्त महागात पडते. पुस्तकातला निष्कर्ष पटला नाही म्हणून एक तारा. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेऱ्यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ घ्या. १९८४ साली आलेला, १९८७चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला ग्रंथ. विठ्ठल हा मुळात गोपजनांचा, धनगर-गवळ्यांचा देव, असा त्यातला मुख्य धागा. त्यापुढे जाऊन ढेरे म्हणतात की छातीवर मंत्राक्षरं कोरलेली सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्याची मूर्ती हीच विठ्ठलाची आद्य मूर्ती. वर्षानुवर्षं वारी करणाऱ्या माणसाला हे वाचून धक्का बसणं स्वाभाविक आहे. त्याने जरूर लिहावं की मला हे मान्य नाही. पण ‘मला मान्य नाही’ आणि ‘पुस्तक वाईट आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. ढेरे लोककथा, स्थलपुराणं, मूर्तिलक्षणं अशी निरनिराळी सामग्री एकाशेजारी एक मांडत जातात. त्यातला कोणता पुरावा लंगडा वाटला ते सांगितलं, तर विरोधी अभिप्रायसुद्धा सोन्याचा ठरतो.

पालि व बौद्ध साहित्याचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींच्या ‘भगवान बुद्ध’बाबत (१९४०-४१) हेच होतं. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने मध्यरात्री घर सोडलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. कोसंबी ती बाजूला ठेवतात, तेव्हा ‘लेखकाने बुद्धचरित्र बदललं’ अशी तक्रार येते. बदललं म्हणजे काय केलं, ते थोडं जवळून पाहू. त्यांचं म्हणणं असं की चार दृश्यांची कथा दीघनिकाय या पालि सुत्तसंग्रहातल्या (सुत्त म्हणजे बुद्धाचा उपदेश) महापदानसुत्तात येते ती विपस्सी या पूर्वीच्या बुद्धाची. गौतमाच्या चरित्रात ती मागाहून शिरली. मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसनसुत्तात बुद्ध स्वतः सांगतात की आईवडील रडत असताना आपण केस-दाढी काढून घराबाहेर पडलो. म्हणजे गुपचूप मध्यरात्रीची गोष्ट टिकत नाही. आणि सुत्तनिपातातल्या अत्तदंडसुत्तात घर सोडण्यामागचं कारण वेगळंच दिसतं: थोड्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी, एकमेकांशी झगडणारी माणसं पाहून वाटलेलं भय.

तीन सुत्तं, तीन मुद्दे. वाचणारा पालि जाणत नसला तरी ‘लेखक सुत्तांचा आधार देतो, नंतरच्या चरित्रग्रंथांना कमी वजन देतो, मला ही पद्धत पटली किंवा नाही पटली’ एवढं तो नक्की लिहू शकतो. असा एक अभिप्राय असला की श्रद्धेने वाचू पाहणाऱ्याला आणि संशोधन म्हणून वाचू पाहणाऱ्याला, दोघांनाही पुस्तक आपल्यासाठी आहे की नाही ते कळतं.

आवृत्ती न सांगणं

‘लीळाचरित्र वाचलं, काही लीळा गायब आहेत.’ चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या, म्हणजे लीळांच्या, या महानुभाव ग्रंथाची कोणती आवृत्ती? नेने यांनी संपादित केलेली, तुळपुळे यांची, की कोलते यांची? परंपरा सांगते की म्हाइंभटांनी माणसांना गाठून, विचारून, पडताळून सिद्ध केलेला मूळ ग्रंथ स्वारीच्या धामधुमीत नाहीसा झाला आणि हिराइसेसारख्या पंथातल्या लोकांच्या आठवणीतून तो पुन्हा उभा राहिला. त्यामुळे ‘पाठ’ अनेक आहेत, आणि एका पाठात असलेली लीळा दुसऱ्यात नसणं किंवा वेगळ्या जागी असणं हा संपादकाचा गलथानपणा असेलच असं नाही. तक्रार करण्याआधी प्रस्तावना काढावी. कोणता पाठ मुख्य धरला आणि का, ते संपादकाने तिथे लिहिलेलं असतं. नसेल लिहिलं, तर मात्र तीच खरी तक्रार, आणि ती ठणकावून करावी.

तुकोबांच्या गाथेचंही असंच. इंदुप्रकाश छापखान्याची १८७३ची गाथा, तिच्या आधारे पुढे निघालेली सरकारी गाथा, जोगमहाराजांची सार्थ गाथा, देहू-पंढरपूरच्या परंपरेतल्या गाथा, यांतल्या बऱ्याच ठिकाणी अभंगांचे क्रमांक वेगळे. नुसतं ‘अभंग २३४१ पाहा’ असं लिहिलं तर वाचणारा भलत्याच अभंगावर जाऊन पोचतो. क्रमांकाआधी गाथेचं नाव, म्हणजे भागलं.

अभिप्रायाच्या पहिल्या ओळीत संपादक, प्रकाशक आणि आवृत्तीचं साल, इतकं तरी यायलाच हवं. पुनर्मुद्रण असेल तर तसं म्हणावं. १९३०च्या पुस्तकाचं २०२२ साली नवं कव्हर घालून पुनर्मुद्रण निघतं आणि लोक त्याला ‘ताजं संशोधन’ म्हणून मोकळे होतात.

बखरीला खोटं म्हणणं, किंवा बखरीला दस्तऐवज म्हणणं

शिवाजी महाराजांवरची सभासदाची बखर १६९७च्या सुमारास जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली. लिहिणारा शिवकाळ पाहिलेला माणूस. मल्हार रामराव चिटणिसांची बखर १८१०च्या आसपासची, म्हणजे मधे शंभराहून जास्त वर्षं गेली. दोन्हींवर ‘बखर’ एवढाच शिक्का पाहून दोन्हींना एकाच मापाने मोजणारे अभिप्राय मी इतके वाचलेत की आता राग येत नाही, नुसता कंटाळा येतो.

आकड्यांवर तर हमखास घसरगुंडी. राज्याभिषेकाचं सिंहासन बत्तीस मण सोन्याचं, असं सभासद लिहितो. लगेच कुणीतरी त्याचे किलो काढतो आणि मग एक तर ‘केवढं हे वैभव’ किंवा ‘हे शक्यच नाही, बखर थापा मारते’. पण मण कुठला? इंग्रजी अमदानीत पक्का झालेला मुंबईचा मण २८ पौंडांचा, बंगालचा सुमारे ८२ पौंडांचा. पहिल्याने चारशे किलोच्या थोडं वर जातं, दुसऱ्याने जवळपास बाराशे. सतराव्या शतकातला रायगडावरचा मण या दोहोंपैकी कोणताही असायचं कारण नाही. अभिप्रायात किलो लिहूच नयेत. ‘संपादकाने मापांवर टीप दिली आहे’ किंवा ‘दिलेली नाही’ हे मात्र लिहावं.

तारीख चुकली असं परस्पर ठरवणं

‘पुस्तकात तारखांच्या ढीगभर चुका’ असं वाचलं की मी आधी अभिप्राय देणाऱ्यावर संशय घेतो. बऱ्याचदा घोटाळा शक-सनांच्या हिशोबात असतो.

जेधे शकावली टिळकांनी १९१६ साली उजेडात आणली. तिच्यात शिवजन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा आहे. शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना पाठ. १५५१ अधिक ७८, म्हणजे १६२९. मग पुस्तकात १९ फेब्रुवारी १६३० कसं? छपाईची चूक! तर नाही. शक पाडव्याला बदलतो, इंग्रजी साल १ जानेवारीला. पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. फाल्गुन दुसऱ्या गटात येतो.

त्याच्यापुढचा गोंधळ दहा दिवसांचा. एका पुस्तकात १९ फेब्रुवारी १६३०, दुसऱ्यात १ मार्च १६३०. दोन्ही एकच दिवस आहे, एक जुन्या ज्युलियन पद्धतीने आणि दुसरा ग्रेगोरियन पद्धतीने. पोर्तुगिजांनी नवी पद्धत १५८२मध्येच घेतली, इंग्रजांनी १७५२मध्ये. त्यामुळे सतराव्या शतकात गोव्याहून निघालेल्या पोर्तुगीज पत्रावर आणि मुंबईहून निघालेल्या इंग्रजी पत्रावर एकाच दिवशी दहा दिवसांच्या फरकाने तारखा पडत. राज्याभिषेक ६ जूनचा की १६ जूनचा, हा वादही निम्मा तरी यातलाच. पुस्तकात दोन्ही पद्धती सरमिसळ झाल्या असतील आणि कुठे काय ते सांगितलं नसेल, तर तो दोष जरूर दाखवा.

पेशवाईच्या कागदांत ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ असं काही दिसलं तरी दचकू नये. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार; म्हणजे सुहूर सन (अरबी संख्याशब्दांत लिहिली जाणारी जुन्या कागदांतली कालगणना) ११६१. त्यात ५९९ मिळवले की १७६०, आणि हा सन मृगापासून मृगापर्यंत चालत असल्याने जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. पानिपत, १४ जानेवारी १७६१, याच सनात बसतं. ज्या संपादकाने पुस्तकाच्या शेवटी असा सन-शकांचा तक्ता जोडला आहे, त्याचं नाव घेऊन कौतुक करा. असे तक्ते करणारे फार कमी असतात आणि त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

आडनाव पाहून निकाल देणं

यावर जास्त लिहावंसं वाटत नाही, पण टाळताही येत नाही. लेखकाच्या आडनावावरून जात काढायची, जातीवरून हेतू काढायचा, आणि हेतूवरून पुस्तक न उघडता मत द्यायचं. महाराष्ट्रात इतिहासाच्या पुस्तकांवरच्या अर्ध्या भांडणांचा कच्चा माल हाच. पक्षपात असू शकतो, असतोही. मग पान क्रमांक द्या, वाक्य द्या, कोणतं साधन दडपलं ते सांगा. तेवढं देता येत नसेल तर तो अभिप्राय लेखकाबद्दल नसून लिहिणाऱ्याबद्दल आहे.

अनुस्वारांना मुद्रणदोष समजणं

‘घरांत’, ‘कांहीं’, ‘नाहीं’. ‘प्रूफरीडिंग झालेलंच नाही, पानोपानी फाजील टिंबं!’ मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२मध्ये केले. त्याआधीची मराठी अशीच छापली जायची. जुन्या पुस्तकाची छायाप्रत काढून केलेल्या पुनर्मुद्रणात ती टिंबं राहणारच. पुस्तक पुन्हा अक्षरजुळणी करून काढलं असेल आणि एका पानावर ‘घरांत’, दुसऱ्यावर ‘घरात’ असेल, तर मात्र धरा प्रकाशकाला.

हातातली प्रत आणि ग्रंथ यांची गल्लत

पार्सल उशिरा आलं, कोपरा दुमडला, बांधणी सुटली, म्हणून ग्रंथाला दोन तारे. ही तक्रार विक्रेत्याकडे करायची. स्वस्त पुनर्मुद्रणांत आणि फुकट मिळणाऱ्या स्कॅनमध्ये पानं गळणं मात्र नेहमीचं आहे, आणि ते लिहिणं गरजेचं. ‘मधलं काही सुटलंय असं वाटतं’ असं मोघम नको. पृष्ठांक सलग आहेत का ते पाहावं. अनुक्रमणिकेत दिलेली परिशिष्टं, नकाशे, वंशावळी खरोखर आहेत का ते ताडून घ्यावं. सगळ्यात आधी गळतात ते घडीचे नकाशे, कारण स्कॅन करणारा ते उलगडतच नाही. शंका असेल तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ अशा जुन्या ग्रंथालयात मूळ आवृत्ती मिळते का ते पाहावं, पानं ताडावीत आणि अभिप्रायात नेमकी नोंद करावी: अमुक प्रकाशनाचं पुनर्मुद्रण, अमुक साल, पृष्ठ २१७ ते २२४ नाहीत, नकाशा नाही. नवीन प्रत असेल तर त्याच पानांचे फोटो प्रकाशकाला पाठवावेत. प्रत बदलून मिळाली तर जुना अभिप्राय न पुसता त्याच्या खालीच तसं लिहावं, कारण सदोष प्रती अजून दुकानांत असतात.