जुन्या गाडीच्या स्पीकरचा बूमबॉक्स बनवायचाय? मग आधी एवढं जमवून ठेवा

बूमबॉक्स, म्हणजे उचलून नेता येणारी बॅटरीवरची स्पीकरची पेटी, घरी बनवताना आधी स्पीकर हातात यायला पाहिजेत, मग त्याला झेपेल असा ॲम्प (आवाज वाढवणारा बोर्ड), मग त्या ॲम्पला पुरेल अशी बॅटरी आणि सगळ्यात शेवटी पेटी. हा क्रम उलटा केला की पेटीचं भोक एका मापाचं, स्पीकर दुसऱ्याच मापाचा आणि बॅटरीला जागाच नाही अशी गत होते, म्हणून प्लाय आणायची घाई नको, खाली लिहिलंय ते सगळं टेबलावर येऊ दे मग बघू.

स्पीकर कुठून आणायचे? माझं पहिलं मत कार डेकोरची दुकानं. नवीन गाडी घेतली की लोक तिथे जाऊन कंपनीचे स्पीकर काढून मोठे बसवून घेतात आणि काढलेले तिथेच पोत्यात पडून राहतात, ते बऱ्याचदा जवळजवळ नवेच असतात आणि दुकानदार थोडक्यात देऊन टाकतो. दुसरं म्हणजे ओळखीचं गॅरेज, तिसरं भंगार, पुण्यात रविवार-बुधवारचा जुना बाजार आणि मुंबईत कुर्ल्याची स्पेअर पार्टची दुकानं. पण भंगारात घेताना माल कुठून आला ते विचारा, वायर कचकन कापलेली आणि चार जोड्या एकदम स्वस्तात कोणी देत असेल तर सरळ पुढे चला, चोरीचा माल असू शकतो. घ्यायचे ते जोडीनेच घ्या, एकाच कंपनीचे आणि मागचा नंबर सारखा असलेले, दोन वेगळे स्पीकर कितीही चांगले असले तरी डावी-उजवी बाजू कधी जुळत नाही. माप म्हणाल तर साडेसहा इंची गोल सगळ्यात सोयीचे. सहा बाय नऊचे अंडाकृती बेसला दणकट असतात पण त्यांना पेटी मोठी लागते, आणि चार इंचीकडून बेसची अपेक्षाच ठेवू नका.

आणि एक, मागच्या स्टिकरवर मॅक्स २५० वॉट, ३०० वॉट लिहिलेलं असतं त्याच्या नादी लागू नका, बघायचं ते आरएमएस, म्हणजे स्पीकरला सतत झेपणारे वॉट. उलट मला कंपनीचे साधे, हलक्या पेपरचे (पेपर म्हणजे समोरचा हलणारा पडदा) स्पीकर बूमबॉक्ससाठी जास्त आवडतात कारण ते थोड्या वॉटमध्ये मोकळे वाजतात. बॅटरीवर चालवायचंय हे लक्षात घ्या, एखादा स्पीकर तेवढ्याच वॉटमध्ये ३ डेसिबलने कमी वाजत असेल तर त्याला बरोबरीला आणायला दुप्पट पॉवर द्यावी लागते आणि ती सगळी बॅटरीतूनच जाते.

गाडीतून स्वतः काढणार असाल तर स्टार आणि फुली पेचकस, दाराचं पॅनल उचकटायला प्लॅस्टिकची पट्टी, कटर, चिकटपट्टी आणि स्क्रू ठेवायला एक वाटी जवळ ठेवा. आधी गाडीच्या बॅटरीची मायनस काढा. पॅनलचे एक-दोन स्क्रू हँडलच्या टोपणाखाली लपलेले असतात, ते शोधल्याशिवाय ओढू नका नाहीतर क्लिपा तुटतात, आणि आतली प्लॅस्टिकची शीट फाडू नका, पावसाचं पाणी तीच अडवते. बऱ्याच गाड्यांत कंपनीचे स्पीकर स्क्रूने नाही तर रिव्हेटने मारलेले असतात, रिव्हेटचं डोकं ड्रिलने उडवावं लागतं आणि इथेच खरी काळजी घ्यायची, कारण लोखंडाचा कीस थेट मॅग्नेटकडे पळतो आणि एकदा कॉइलच्या, म्हणजे पेपरमागच्या तारेच्या गुंडाळीच्या, फटीत गेला की स्पीकर कायमचा खरखरतो. म्हणून ड्रिल मारायच्या आधी स्पीकरचं तोंड कागद लावून चिकटपट्टीने बंद करा. कनेक्टर वितभर वायरसकट काढून आणा, नंतर जोडायला उपयोगी पडतो, स्पीकरची जाळी पण आणा आणि भंगारातली गाडी असेल तर फ्यूजचं होल्डरही घेऊन या, ते लागणारच आहे.

आता तपासणी, आणि यात अजिबात कंटाळा करू नका. पहिल्यांदा पेपरभोवतीची कड बघा. कड फोमची असेल तर बोट टेकवून बघा, काळा चिकट भुगा बोटाला लागला की फोम गेला, मागच्या काचेखालच्या ट्रेवर उन्हात भाजलेल्या स्पीकरचं हे हमखास होतं. पेपर आणि कॉइल चांगली असेल तर नुसता फोम बदलता येतो, त्या मापाची रिंग मिळते, पण रबराची कड मिळाली तर तीच घ्या. दारातल्या स्पीकरवर पाण्याचे डाग आणि मागे गंज दिसतो का बघा. मग स्पीकर आडवा ठेवून दोन्ही हातांची बोटं मधल्या टोपीच्या भोवती सारख्या अंतरावर टेकवा आणि पेपर हळूच खाली दाबून सोडा, कान जवळ न्या. काहीच आवाज आला नाही पाहिजे. सर्रसर्र असं घासल्यासारखं आलं तर कॉइल जळून फुगलीय किंवा स्पीकर कधीतरी आपटून मॅग्नेट सरकलंय, तो घेऊ नका, वाकड्या बोटाने एका बाजूला दाबलं तर चांगला स्पीकरही घासतो म्हणून दोनदा करून खात्री करा.

मग मल्टीमीटर. गाडीचे स्पीकर साधारण ४ ओमचे असतात, मीटरवर ते ३.२ ते ३.८ च्या आसपास दाखवतात आणि ते बरोबरच आहे. मीटरच्या दोन्ही पिना आधी एकमेकींना लावून बघा, तिथे ०.२-०.३ आलं तर तेवढं वजा करा. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटली. पण मध्ये ट्वीटर असलेला कोएक्सिअल स्पीकर असेल तर मीटर फक्त मोठ्या कॉइलचं सांगतो, कारण ट्वीटरच्या आधी कपॅसिटर असतो आणि तो डीसी जाऊच देत नाही, म्हणून ट्वीटर कानानेच तपासायचा. घुंगरू किंवा तबल्याची चाट स्पष्ट असलेलं काहीतरी हळू आवाजात लावा आणि कान जवळ न्या, चाट बोथट झाली, घुंगरू गुळमुळीत आले तर ट्वीटर मेलाय.

प्लस-मायनस ठरवायला दीड व्होल्टचा साधा पेन्सिल सेल पुरतो. स्पीकरच्या दोन्ही टोकांना क्षणभर टेकवा, पेपर बाहेर उडी मारतो तेव्हा सेलची प्लस जिथे लागलीय ती स्पीकरची प्लस, लगेच मार्करने खूण करा. बहुतेक ठिकाणी रुंद पट्टी प्लस असते पण भंगारातल्या मालावर कोणी काय केलंय सांगता येत नाही. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर बेस एकमेकांना खाऊन टाकतो आणि माणूस उगाच ॲम्पला शिव्या घालत बसतो.

ॲम्प घेताना ४ ओम डोक्यात ठेवूनच घ्या. टीपीए३११६ चिपचा दोन चॅनेलचा बोर्ड मिळतो, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा, तो १२ पासून २४ व्होल्टवर मस्त चालतो. १२ व्होल्टवर ४ ओमला गणिताने जास्तीत जास्त १८ वॉट निघतात, म्हणजे स्वच्छ आवाजात १५ च्या आसपास प्रत्येकी, आणि खोलीसाठी, गच्चीसाठी ते भरपूर आहेत. टीडीए७२९७ चा बोर्ड स्वस्त आहे पण तो ८ ओम धरून बनवलेला, ४ ओमवर तापतो. पीएएम८४०३ चा चिमुकला बोर्ड ३ वॉटचा, तो स्पीकर तपासायला ठेवा. चार स्पीकर लावायची हौस असेल तर दोन-दोन पॅरलल जोडू नका, २ ओम होतात आणि बोर्ड बंद पडतो, सिरीजमध्ये ८ ओम होतात ते चालतं. ब्लूटूथचा बोर्ड वेगळा घेणार असाल तर त्याला ५ व्होल्टचा आयसोलेटेड कन्व्हर्टर (आत-बाहेरची वायर एकमेकींपासून तोडलेला) पण घ्या, नाहीतर एकाच बॅटरीवर दोघं जोडले की गाण्याच्या मागे सारखी किणकिण येते, ती नंतर काढता काढता जीव जातो.

बॅटरीत सोपा मार्ग यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास) बॅटरी, जड आहे, दोनेक किलोची, पण समजायला सरळ. पूर्ण रिकामी करू नका, निम्मी वापरली तरी चाळीस वॉट-तास मिळतात, आणि मध्यम आवाजात संगीताला सरासरी पाच-सहा वॉटच लागतात तेव्हा संध्याकाळ आरामात निघते. हलकं हवं असेल तर चार सेलचा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक, बीएमएस (सेल सांभाळणारा बोर्ड) आणि त्याचा स्वतःचा १४.६ व्होल्टचा चार्जर असं एकत्रच घ्या. जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून घरी थेट त्यावर सोल्डरचा डाग मारायचा प्रकार मात्र कृपा करून करू नका, सेल तापून पेट घेऊ शकतो. कुठलीही बॅटरी असली तरी प्लसला अगदी जवळ ५ अँपिअरचा फ्यूज, यात सूट नाही. वायर १ स्क्वेअर एमएमची मल्टीस्ट्रँड पुरते.

हे सगळं पेटीशिवाय उघड्यावर जोडून तासभर वाजवा, ॲम्पच्या हीटसिंकला आणि बॅटरीला हात लावून बघा. उघड्यावर बेस येणार नाही, घाबरू नका, पुढचा-मागचा आवाज एकमेकांना मारतो म्हणून तसं होतं.

पेटीचं थोडक्यात. साडेसहा इंचीला दर बाजूला दहा लिटर धरा, म्हणजे आतून २० बाय २० बाय २५ सेंटिमीटर, दोन्ही खण वेगळे आणि बॅटरी-ॲम्पला तिसरा खण, त्याला हवेची भोकं. स्पीकरचे खण मात्र पूर्ण हवाबंद, सांध्याला फेव्हिकॉल आणि आतून सिलिकॉन. गाडीचा स्पीकर दाराच्या मोकळ्या पोकळीसाठी बनवलेला असतो, त्याचे आकडे माहीत नसताना पोर्टची (बेस वाढवायला पेटीत बसवतात ती) नळी लावायच्या भानगडीत पडू नका, आत उशीचा पॉलिस्टर कापूस सैलसर भरा. प्लाय १२ एमएमचा. भोकाचं माप स्पीकरच्या बाहेरच्या कडेवरून नाही तर मागच्या बास्केटवरून घ्यायचं, पुठ्ठ्यावर गोल कापून स्पीकर बसवून बघा, मॅग्नेटची खोली मोजा आणि तोच पुठ्ठा सुताराला द्या. कडेला फोमची टेप, स्क्रूऐवजी टी-नट (प्लायमध्ये ठोकून बसवायचा नट) आणि बोल्ट, हँडल लोखंडी आणि आरपार बोल्टने कसलेलं, कारण बॅटरीसकट सगळं वजन त्याच्यावर येणार आहे.