ऑटिझमचं निदान झाल्यावर कोणत्या संस्थेकडे कशासाठी जायचं

मुलाला ऑटिझम आहे हे कळलं की घरातले सगळे थेरपी सेंटर शोधायला लागतात. तो शोध चालू राहू द्या, पण त्याच आठवड्यात कागदपत्रांचं कामही सुरू करा. सेंटर दोन महिन्यांनी बदलता येतं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र उशिरा काढलं तर शाळा, विमा आणि करसवलत सगळंच मागे पडतं.

सुरुवात जिल्हा रुग्णालयापासून करा. तिथल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. अंगणवाडी आणि सरकारी शाळांमधली मुलं बालस्वास्थ्य कार्यक्रमातून इथेच येतात. मुंबईकरांना वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेचाही पर्याय आहे. प्रमाणपत्रासाठी बहुतेक ठिकाणी ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी लावतात. तिच्यात ४० मुद्दे असून प्रत्येकाला १ ते ५ गुण असतात. ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. मुलाला निरखून आणि पालकांना विचारून गुण दिले जातात. गडबड नेमकी इथेच होते. अनोळखी खोलीत मूल पंधरा मिनिटं गप्प बसतं आणि आईबाबाही संकोचाने ‘तसं फार काही नाही’ म्हणून जातात. म्हणून घरचे एकेक मिनिटाचे चार-पाच व्हिडिओ सोबत न्या: जेवताना, हाक मारल्यावर, दुसऱ्या मुलांमध्ये, मिक्सर सुरू झाल्यावर. त्यात काही वाढवून दाखवू नका, लपवूही नका.

यूडीआयडीचा, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर भरायचा. आधारवरचं नाव, जन्मदाखल्यावरचं नाव आणि अर्जातलं स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळायला हवं. एकात वडिलांचं नाव मध्ये आणि दुसऱ्यात नाही, एवढ्यावरून अर्ज अडकतो. लहान मुलांचं प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं असतं. त्यावरची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं.

कार्ड आलं की राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्याचं बघा. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यासाच्या कक्षेत ऑटिझम आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. आधी वैद्यकीय तपासणी करावी लागत नाही आणि थेरपीच्या खर्चातलाही काही भाग परत मिळतो. विम्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं. त्यामुळे जानेवारीत नाव घातलं तर हाती जेमतेम तीन महिने उरतात. पैसे आधी आपण भरायचे असतात, म्हणून प्रत्येक सत्राची सही-शिक्क्याची पावती घ्या. महिनाभराची एकच ठोक पावती देणाऱ्या सेंटरला तारखा लिहून मागा. न्यासाकडे नोंदलेल्या संस्था हा अर्ज भरून देतात. ही मदत कोणती संस्था न कंटाळता करते, यावरूनही तिची बरीच ओळख पटते.

आता थेरपी. पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर, मुंबईत २००१ पासूनची उम्मीद, गोव्यात सेतू, दिल्लीत १९९१ साली पालकांनी उभी केलेली अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम अशी नावं पालकांच्या तोंडी असतात. पण घराजवळचं छोटं सेंटरही उत्तम असू शकतं. ते पारखायचं कसं?

पहिलं, नोंदणी. विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांचा आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) सीआरआर, म्हणजे नोंदणी, क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहा. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे मात्र हा क्रमांक नसतो. महाराष्ट्रात त्यांची नोंदणी राज्याच्या वेगळ्या परिषदेकडे होते. हे माहीत नसल्याने चांगल्या माणसावर उगाच संशय घेतला जातो.

दुसरं, उद्दिष्टांचा कागद. ‘संवाद सुधारणे’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा उपयोग शून्य. ‘पाणी हवं असताना पाण्याचं चित्र उचलून समोरच्याच्या हातात देणे, दहापैकी सात वेळा’ असं हवं. म्हणजे तीन महिन्यांनी काय झालं ते मोजता येतं आणि तेच चित्र घरी फ्रिजवर लावता येतं.

तिसरं, दार. आठवड्यातून किमान एकदा सत्रात बसू देतात का? ‘पालक असले की मूल काम करत नाही’ हे सुरुवातीचे काही दिवस खरं असेलही, पण सहा महिन्यांनंतर तेच कारण ऐकून घेऊ नका. मुलाचे हात धरून ठेवणं, जबरदस्तीने डोळ्यांत बघायला लावणं, रडू थांबेपर्यंत कोंडून ठेवणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी मूल घरी आणा.

संशोधनाच्या नावावर पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा. ऑटिझमवर स्टेम सेल उपचारांची शिफारस नाही, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. ‘आमची ट्रायल सीटीआरआयवर नोंदलेली आहे’ हे वाक्य हमखास ऐकवलं जातं. सीटीआरआय ही वैद्यकीय चाचण्यांची फक्त नोंदवही आहे, तिथली नोंद म्हणजे परवानगी नव्हे. नैतिकता समितीच्या मंजुरीचं पत्र आणि मराठीतलं संमतिपत्र मागा. खऱ्या चाचणीत प्रयोगातल्या उपचाराचे पैसे घेत नाहीत. लाखांचं बिल पुढे आलं की समजा, हा धंदा आहे.

पालकगटाला कमी लेखू नका. मुंबईचं फोरम फॉर ऑटिझम पालकांनीच चालवलेलं आहे. कोणती शाळा शॅडो टीचरला (वर्गात मुलाच्या मदतीला बसणाऱ्या शिक्षकाला) बसू देते, दात काढताना कोणता डॉक्टर घाई करत नाही, ही माहिती अशाच ठिकाणी मिळते. मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसांचं म्हणणं जिथे ऐकलं जातं असा गट मिळाला तर उत्तमच. पालकांच्या गटात ती बाजू कधी कधी राहून जाते.

मूल सोळा-सतरा वर्षांचं झालं की पालकत्वाचा विचार करा. अठरा पूर्ण झाल्यावर आईबाबा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत आणि बँकेत पहिली अडचण येते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे करायचा असतो. प्रत्येकाला पूर्ण पालकत्व लागतंच असं नाही. जो तरुण सही करतो, पैसे मोजतो, नको ते नको म्हणतो, त्याच्यासाठी २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात मर्यादित, म्हणजे ठरावीक निर्णयांपुरत्या, पालकत्वाची सोय आहे. अर्ज भरण्याआधी त्याला समोर बसवा आणि त्याच्या भाषेत, चित्रं लागली तर चित्रं घेऊन, विचारा.