ऑलिव्हच्या झाडात जीन एक्स्प्रेशन मोजायचंय? मग मशीनच्या आधी फांदीकडे बघा

झाडाच्या मुळात, पानात, फळात डीएनए तोच असतो, पण कुठला जीन कुठे आणि किती चालू आहे हे सगळीकडे वेगळं असतं आणि ते तासातासाला बदलतं. जीन एक्स्प्रेशन मोजायचं म्हणजे त्या जीनवरून बनलेला मेसेंजर आरएनए किती आहे ते मोजायचं. मोजक्या जीन्ससाठी क्यूपीसीआर (एका जीनच्या कॉप्या वाढवत वाढवत त्या मोजायची पद्धत), आणि सगळे जीन्स एकदम बघायचे असतील तर आरएनए सिक्वेन्सिंग. या दोन्ही गोष्टी आता बऱ्यापैकी सोप्या झाल्यात, सॉफ्टवेअर फुकट मिळतं, शिकवणारे भरपूर आहेत. ऑलिव्हमध्ये खरी परीक्षा असते ती पान तोडताना आणि त्यातून आरएनए काढताना, म्हणून मी जास्त त्याच्यावरच लिहिणार आहे.

पण आधी प्रश्न ठरवा, एका वाक्यात लिहून काढा. "ऑलिव्हचं ट्रान्सक्रिप्टोम बघायचंय" (म्हणजे सगळ्या जीन्सचा आरएनए एकत्र) हा प्रश्न नाही. "फळात तेल साठत असताना फॅड२ घराण्यातले कुठले जीन्स चालू असतात" हा प्रश्न आहे. फॅड२ जीन्सपासून बनणारं एन्झाइम ओलिक ॲसिडचं लिनोलिक ॲसिड करतं, आणि ऑलिव्ह ऑइलची सगळी ओळखच ओलिक ॲसिडवर आहे (साधारण ५५ ते ८३ टक्के), त्यामुळे त्या प्रश्नाला वजन आहे. या घराण्यात एकसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच कॉप्या आहेत, जंगली ऑलिव्हचा जीनोम २०१७ मध्ये आला तेव्हा त्यातल्या काही कॉप्या दुसऱ्या कॉप्यांना दाबतात असं त्यात मांडलं होतं. किंवा रोगाचा प्रश्न घ्या. इटलीच्या पुलिया भागात २०१३ मध्ये झायलेला फास्टिडिओसा हा बॅक्टेरिया ऑलिव्हमध्ये सापडला आणि पुढे तिथल्या बागाच्या बागा वाळल्या, पण लेच्चीनो नावाची जात त्यात बऱ्यापैकी टिकून राहते आणि ओल्यारोला सालेंतिना कोसळते, तर इन्फेक्शननंतर या दोघींच्या जीन्समध्ये काय वेगळं घडतं हा फार मोलाचा प्रश्न आहे. पहिल्या प्रश्नाला फळाचा गर लागतो, दुसऱ्याला देठ आणि पानाची मधली शीर, कारण तो बॅक्टेरिया झायलेममध्ये, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळ्यांमध्येच राहतो. प्रश्न बदलला की टिश्यू बदलतो, महिना बदलतो, सगळंच बदलतं.

आता झाडं. ऑलिव्हच्या जाती कलमं किंवा फाटे लावून वाढवतात म्हणजे एका जातीची सगळी झाडं जेनेटिकली जवळपास एकच असतात, हे आपल्या फायद्याचं आहे. पण म्हणून एकाच झाडाची तीन पानं घेतली की तीन रेप्लिकेट झाले असं होत नाही. रेप्लिकेट म्हणजे वेगळं झाड. कमीत कमी तीन, पण ऑलिव्हसाठी मी म्हणेन पाच किंवा सहा घ्याच, कारण शेजारशेजारच्या झाडांत पण पाणी, ऊन, फळांचा भार यात खूप फरक असतो आणि तो फरक आकड्यांत उतरतो. एका झाडाच्या चारी बाजूंची पानं एकत्र करून त्या झाडाचं एक सॅम्पल केलं तर ते उत्तमच, पण पाच झाडांची पानं एकाच पिशवीत घातली की तुमचे पाच रेप्लिकेट संपले, एकच उरलं. आणि जातीची खात्री करून घ्या. एकाच जातीला गावोगाव वेगळी नावं आणि वेगळ्या जातींना एकच नाव हा ऑलिव्हमधला जुना घोळ आहे, त्यामुळे एसएसआर मार्करची (डीएनएवरून जात ओळखायची) साधी टेस्ट करून घेणं किंवा स्पेनमधल्या कोर्दोबासारख्या जर्मप्लाझम बँकेतून, म्हणजे जातींच्या जिवंत संग्रहातून, तपासलेलं झाड वापरणं हे पुढच्या सगळ्या खर्चापेक्षा स्वस्त पडतं.

ऑलिव्ह सदाहरित आहे आणि पान झाडावर दोनतीन वर्षं राहतं, म्हणजे एकाच फांदीवर या वर्षीचं कोवळं पान पण असतं आणि जुनं जाड पान पण असतं. "पानं गोळा केली" एवढं लिहून भागत नाही. पानं समोरासमोर जोडीने येतात, तर शेंड्यापासून तिसरी ते पाचवी जोडी असं काहीतरी ठरवा आणि प्रत्येक झाडावर तेच पाळा. फांदीची उंची आणि दिशा पण ठरवा. वेळ तर फारच महत्त्वाची, झाडाचं दिवसरात्रीचं घड्याळ हजारो जीन्स वरखाली करत असतं, त्यामुळे कंट्रोलची झाडं सकाळी आणि पाणी तोडलेली झाडं दुपारी असं केलं तर तुम्ही दुष्काळ मोजत नाही, घड्याळ मोजता. एक कंट्रोल, एक ट्रीटमेंट, परत एक कंट्रोल असं आळीपाळीने तोडा आणि तासाभरात आटपा.

अजून एक गोष्ट जी नवीन माणसाला कोणी सांगत नाही: त्या वर्षी झाडावर फळं किती आहेत ते लिहून ठेवा. ऑलिव्ह एक वर्ष भरभरून येतं आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेतं, आणि फळांनी लगडलेल्या झाडात फुलोऱ्याचा सिग्नल देणारे एफटी जीन्स पानात दबलेले दिसतात, म्हणजे फळं वर असली तरी परिणाम पानाच्या आरएनएवर होतो. भरलेलं झाड आणि रिकामं झाड एकाच गटात मिसळू नका. फळांचं सॅम्पल असेल तर तारखेपेक्षा फुलोऱ्यानंतर किती आठवडे झाले ते धरा, शिवाय बाठा कडक झालाय का, रंग हिरवा आहे की जांभळा पडतोय हे पण लिहा, कारण जाती पुढेमागे पिकतात आणि एकाच तारखेला एक जात तेल भरण्याच्या ऐन भरात असते तर दुसरी पिकायला लागलेली असते. गर आणि बी वेगळं करा, दोघांचं काम पूर्ण वेगळं आहे.

तोडलं की लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये. लगेच म्हणजे काही सेकंदांत, कारण पान तोडणं ही झाडासाठी जखमच आहे आणि जखमेला उत्तर देणारे जीन्स काही मिनिटांत चालू होतात. बर्फाच्या डब्यात घालून लॅबपर्यंत नेलेली पानं मी एक्स्प्रेशनच्या कामाला घेऊच नका असं म्हणेन. नायट्रोजन शेतात नेणं शक्यच नसेल तर आरएनए टिकवणारं सोल्युशन मिळतं, पण ऑलिव्हचं पान कातडीसारखं चिवट आहे आणि खालून बारीक खवल्यांनी झाकलेलं असतं, सोल्युशन आत नीट झिरपत नाही, निदान पट्ट्या कापून तरी घाला आणि मग सगळीच सॅम्पल्स तशीच घ्या. फळ असेल तर गराच्या पातळ फोडी करून टाका, अख्खं फळ आतपर्यंत गोठायला वेळ घेतं. नायट्रोजन उणे १९६ डिग्री असतं, हातमोजे आणि गॉगल घाला, बंद गाडीत काच उघडी ठेवा, आणि ट्यूबवर आधीच लिहून ठेवा कारण गोठलेल्या ट्यूबवर पेन चालत नाही. नंतर सगळं उणे ८० च्या फ्रीझरमध्ये.

आता आरएनए काढणं. ऑलिव्हच्या पानात ओल्युरोपीनसारखी फिनॉलिक द्रव्यं ठासून भरलेली असतात. जिवंत पेशीत ओल्युरोपीन एका जागी आणि त्याला तोडणारं बीटा-ग्लुकोसिडेज एन्झाइम दुसऱ्या जागी असतं, पान चुरगळलं की दोघं भेटतात आणि झाडाची संरक्षणाची केमिस्ट्री सुरू होते. तेच तुमच्या ट्यूबमध्ये घडतं. फिनॉलिक्स ऑक्सिडाइज होऊन तपकिरी पडतात आणि आरएनएला चिकटतात, वर पॉलिसॅकराइड्स (साखरेच्या लांब साखळ्या) आरएनएबरोबरच खाली बसून जेलीसारखा गोळा करतात, मग तो ना विरघळतो ना पुढच्या एन्झाइमला काम करू देतो. म्हणून ट्रायझॉलसारखी नेहमीची पद्धत इथे बऱ्याचदा फसते आणि सीटॅब या डिटर्जंटची जुनी पद्धत जिंकते.

साधारण असं करा. खलबत्ता आधी नायट्रोजनने थंड करून घ्या आणि पान पिठासारखं बारीक होईपर्यंत कुटा, मध्येमध्ये नायट्रोजन ओतत राहा, पूड एकदाही वितळता कामा नये. बफरमध्ये २ टक्के सीटॅब, २ टक्के पीव्हीपी, २ मोलर मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, १०० मिलिमोलर ट्रिस ज्याचा पीएच ८ आहे, आणि २५ मिलिमोलर ईडीटीए. तो ६५ डिग्रीला गरम करून ठेवा आणि अगदी वापरायच्या आधी त्यात २ टक्के बीटा-मरकॅप्टोइथेनॉल घाला, फ्यूम हूडमध्येच, ते विषारी आहे. पीव्हीपी फिनॉलिक्सना धरून ठेवतं आणि मरकॅप्टोइथेनॉल त्यांना ऑक्सिडाइज होऊ देत नाही, या दोघांवर काटकसर नको. १०० मिलिग्रॅम पुडीला १ मिलिलिटर बफर पुरतो, जास्त पूड घातली की जास्त आरएनए मिळेल असं वाटतं पण उलट होतं. गोठलेली पूड थेट गरम बफरमध्ये टाकून लगेच जोरात हलवा, दहा मिनिटं ६५ डिग्रीला ठेवा, मग क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोलच्या २४ ला १ मिश्रणाने दोनदा धुवा. मधला पांढरा थर अजून जाड दिसत असेल तर तिसऱ्यांदा धुवा, तेल भरलेल्या फळांना तर लागतंच. वरचं पाणी घेऊन त्यात लिथियम क्लोराइड घाला, शेवटचं प्रमाण २ ते २.५ मोलर, आणि रात्रभर ४ डिग्रीला ठेवा. लिथियम क्लोराइड आरएनए खाली बसवतं पण डीएनए आणि बरीचशी साखर वरच राहते, याच्यासाठीच तर ही पद्धत ऑलिव्हला जमते. फक्त मायक्रोआरएनए बघायचे असतील तर हे वापरू नका, लहान आरएनए याने नीट खाली बसत नाहीत. सकाळी थंड सेंट्रिफ्यूज, ७० टक्के इथेनॉलने धुणं, थोडं वाळवणं, आणि मग डीनेज, म्हणजे उरलेला डीएनए तोडणारं एन्झाइम. डीनेज कधीच टाळायचं नाही.

तपासताना नॅनोड्रॉपवर (सॅम्पल किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) २६०/२८० हे गुणोत्तर साधारण २ यायला हवं, पण ऑलिव्हमध्ये खरी नजर २६०/२३० वर ठेवा, ते १.८ च्या खूप खाली असेल तर फिनॉलिक्स किंवा साखर अजून आत आहे, परत धुवा. सिक्वेन्सिंगला पाठवायचं असेल तर आरआयएन नंबर (आरएनए किती अखंड आहे ते सांगणारा) पण बघा, ७ च्या वर असावा. पानांच्या सॅम्पलमध्ये क्लोरोप्लास्टचे जास्तीचे आरएनए पट्टे दिसतात, त्याने घाबरू नका.

क्यूपीसीआरकडे या. सगळ्या सॅम्पलमधून सारखाच आरएनए घेऊन सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) करा आणि प्रत्येकासाठी ती प्रत करणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली एक ट्यूब पण ठेवा, त्यात सिग्नल आला तर डीएनए राहिलाय. प्रायमर (हवा तो जीन पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) करताना लक्षात घ्या की ऑलिव्हच्या पूर्वजात अख्खा जीनोम दुप्पट झालेला आहे, त्यामुळे जुळ्या कॉप्या भरपूर, तर प्रायमर जिथे कॉप्या वेगळ्या पडतात तिथे बसवा, म्हणजे बहुतेक वेळा जीनच्या ३ प्राइम टोकाकडे. ८० ते २०० बेसचा तुकडा, मेल्ट कर्व्हला एकच शिखर (म्हणजे एकच तुकडा बनला), आणि एफिशियन्सी (दर सायकलला कॉप्या कितपत दुप्पट होतात) ९० ते ११० टक्के.

रेफरन्स जीनवर, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या न बदलणाऱ्या जीनवर, थोडं थांबू या कारण इथे चांगले चांगले निकाल वाकडे होतात. समजा कंट्रोलमध्ये तुमच्या जीनचा सीटी (कितव्या सायकलला सिग्नल दिसला तो आकडा, आरएनए जास्त तर तो कमी) २४ आणि रेफरन्सचा २०, फरक ४. पाणी तोडल्यावर जीनचा २२ आणि रेफरन्सचा २०, फरक २. म्हणजे जीन दोनचा वर्ग, ४ पट वाढला. पण पाणी तोडल्यामुळे रेफरन्स जीन स्वतःच खाली जाऊन त्याचा सीटी २१ झाला असेल तर फरक १ येतो आणि तुमचं उत्तर ८ पट होतं, जीनने काहीच जास्त न करता. म्हणून ॲक्टिन सगळे वापरतात म्हणून आपणही वापरू असं करू नका. जीएपीडीएच, ईएफ१-अल्फा, युबिक्विटिन, पीपी२ए असे सहाआठ उमेदवार तुमच्याच सॅम्पल्सवर चालवा, जीनॉर्म किंवा नॉर्मफाइंडर या प्रोग्रॅममध्ये टाका आणि सगळ्यात स्थिर दोन किंवा तीन घ्या. पानात स्थिर असलेला जीन फळात स्थिर असेलच असं नाही, परत तपासायचं. स्टॅटिस्टिक्सची टेस्ट पण डेल्टा सीटीवर, म्हणजे वरच्या फरकावर करा, पटींवर नाही.

आरएनए सिक्वेन्सिंगचं थोडक्यात: दीडशे बेसचे पेअर्ड रीड्स (दोन्ही टोकांनी वाचलेले तुकडे), दर सॅम्पलला दोनतीन कोटी पुरतात, आणि पैसे कमी असतील तर रीड्स कमी करा पण झाडं कमी करू नका. फास्टपीने साफ करा, हायसॅट२ किंवा स्टारने जीनोमवर बसवा, नाहीतर सॅल्मनने थेट मोजा. रेफरन्स जीनोम कुठला ते विचार करून निवडा: २०१६ मध्ये आलेला फार्गा जातीचा हा हजार वर्षांहून जुन्या झाडाचा आहे, जंगली ऑलिव्हचा आहे, अर्बेकिना जातीचा क्रोमोसोम पातळीवरचा २०२१ मधला आहे. दोन जातींची तुलना असेल आणि एक जात रेफरन्सच्या जास्त जवळची असेल तर तिचे रीड्स जास्त बसतात आणि खोटाच फरक दिसतो, म्हणून मॅपिंगची टक्केवारी जातीप्रमाणे वेगळी काढून बघा. फरक काढणाऱ्या डीईसेक२ ला कच्चे काउंट्सच द्या, टीपीएम (आधीच प्रमाणात बसवलेले आकडे) नाही. आणि जीन्सच्या यादीकडे धावायच्या आधी पीसीए (कुठली सॅम्पल्स एकमेकांच्या जवळ आहेत ते दाखवणारा आलेख) बघा: सॅम्पल्स ट्रीटमेंटप्रमाणे जमलीत की आरएनए काढलेल्या दिवसाप्रमाणे? दिवसाप्रमाणे जमली असतील तर तो दिवस मॉडेलमध्ये घाला, आणि सगळे कंट्रोल एका दिवशी आणि सगळी ट्रीटमेंट दुसऱ्या दिवशी काढली असेल तर कुठलंच सॉफ्टवेअर ते वेगळं करून देऊ शकत नाही, आरएनए परत काढावा लागेल.

पक्कं करताना त्याच आरएनएवर क्यूपीसीआर लावून "जुळलं" म्हणण्यात फारसं काही सिद्ध होत नाही, त्याने फक्त मशीन बरोबर आहे एवढं कळतं. पुढच्या हंगामात दुसऱ्या झाडांवर तोच जीन तसाच वागतोय का ते बघा. आणि आरएनए वाढला म्हणजे प्रोटीन वाढलं असं धरून चालू नका: फॅड२ बद्दल बोलायचं असेल तर त्याच फळांचा अर्धा भाग बाजूला ठेवून गॅस क्रोमॅटोग्राफीवर ओलिक आणि लिनोलिक मोजा, झायलेला असेल तर त्याच देठातला बॅक्टेरिया पण मोजा, नाहीतर टिकाऊ जातीत जीन्स शांत दिसले ते ती लढतेय म्हणून की तिच्यात बॅक्टेरियाच कमी आहे म्हणून हे कळणारच नाही.

शेवटी कच्चा डेटा एसआरए या सार्वजनिक डेटाबेसवर टाका आणि सोबत जात, झाडाचा नंबर, टिश्यू, पानाची जोडी, तोडल्याची तारीख आणि वेळ, फळांचा भार, आरएनए काढल्याचा दिवस हे सगळं भरा. नुसतं "ऑलिव्ह लीफ, कंट्रोल १" लिहिलेला डेटा दुसऱ्या कोणाला स्वतःच्या डेटाशी जोडून वापरता येत नाही.