आर्थरचा रोजमेळ

ब्रिटनच्या दंतकथांतल्या राजा आर्थरवरचा कुठलाही सिनेमा संपला की नात विचारते, “आजोबा, खरंच असं होतं का?” मी विचारतो, “कोणाच्या वहीप्रमाणे?” ३३ वर्षं बँकेत खाती जुळवली. आरंभीची शिल्लक माहीत नसेल तर मेळ बसत नाही, एवढं तिथे पक्कं शिकलो. दिवाळीला आणलेली एक लाल चोपडी कोरीच पडली होती. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आम्ही दोघं आता तीत आर्थरचा रोजमेळ लिहितो. तुम्हालाही लिहायचा असेल तर पद्धत सांगतो.

आरंभीची शिल्लक म्हणून पंधराव्या शतकातला इंग्रज लेखक थॉमस मॅलरी धरा. त्याचं ‘ल मोर्त दार्थर’ कॅक्स्टनने १४८५ साली छापलं आणि आजचे बहुतेक लेखक तिथूनच उचल घेतात. अख्खं वाचायला बसू नका. २१ भाग आहेत आणि मध्ये एकमेकांना घोड्यावरून पाडण्याचा कार्यक्रम फार लांबतो. पहिला भाग वाचा, शेवटचा वाचा. नेटवर फुकट मिळतं. इंग्रजी जुनं आहे, पण मोठ्याने वाचलं की उलगडतं.

मग पानावर तीन रकाने आखा: प्रसंग काय, मॅलरीत कसा, नव्या माणसाने त्याचं काय केलं.

पहिली नोंद तलवारीची करा, कारण घोळ तिथेच असतो. मॅलरीत लंडनच्या सगळ्यात मोठ्या चर्चच्या आवारात एक चौकोनी दगड आहे, दगडावर फूटभर उंच पोलादी ऐरण, आणि तलवार रुतलीय ती ऐरणीत. आर्थर तिथे राज्य मिळवायला जातच नाही. ‘के’ नावाचा त्याचा मानलेला भाऊ स्वतःची तलवार मुक्कामी विसरलाय. ती आणायला आर्थर परत जातो, तर घरात कोणी नाही, सगळे खेळ बघायला गेलेले. म्हणून पोरगा वाटेत दिसली ती उपसून आणतो. पुढे पेलिनोर राजाशी लढताना ही तलवार मोडते आणि तळ्यातून दुसरी मिळते, तीच एक्सकॅलिबर. म्हणजे तलवारी दोन. सिनेमात एकच असली तर ‘दोन नोंदी एकत्र केल्या’ एवढाच शेरा मारायचा, अफरातफर म्हणायचं नाही. मॅलरीनेही एके ठिकाणी पहिल्याच तलवारीला एक्सकॅलिबर म्हणून टाकलंय. आमचे इन्स्पेक्शनवाले असते तर त्याला मेमो मिळाला असता.

चार-पाच नोंदी झाल्या की लक्षात येतं, मॅलरी ही सुद्धा मागच्या पानावरून ओढलेली बाकी आहे. जेफ्री ऑफ मॉनमथने ११३६च्या सुमारास लॅटिनमध्ये आर्थर लिहिला, त्यात आर्थरचा नामांकित सरदार लान्सलॉट नाही. सरदार ज्याभोवती बसतात ते गोलमेज नाही. मेज आणलं ‘वास’ नावाच्या कवीने, ११५५ साली, फ्रेंच पद्यात. लान्सलॉट आणि आर्थरच्या राणीचं प्रेम फ्रेंच कवी क्रेत्याँ द त्र्वाचं. ग्रेल, म्हणजे सरदार ज्याच्या शोधात निघतात ते पवित्र पात्र, तेही त्याचंच, पण त्याच्याकडे ते पसरट ताट आहे. ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनातलं पात्र ते नंतर रोबेर द बोराँने केलं. म्हणून वहीत चौथा रकाना वाढवा: मॅलरीच्या आधी कुठे.

यात दचकण्यासारखं काही नाही. आमच्याच बडोद्यात प्राच्यविद्या मंदिराने हस्तलिखितं ताडून वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली, १९६० ते १९७५. वाल्मीकीत लक्ष्मणरेषा नाही. म्हणून कीर्तनातून कोणी ती पुसली का?

चौथ्या रकान्यात मजा असते. १९८१च्या ‘एक्सकॅलिबर’ सिनेमात शेवटी पर्सिव्हल हा सरदार आर्थरची तलवार पाण्यात फेकतो. मॅलरीत हे काम बेडिव्हिअर या दुसऱ्या सरदाराचं, म्हणून मी लगेच चूक काढली. मागे गेलो तर तेराव्या शतकातल्या फ्रेंच गद्यात फेकणारा तिसराच, गिरफ्ले. त्याच सिनेमात ग्रेल मिळतं तेही पर्सिव्हलला, मॅलरीतल्या गॅलहॅडला नाही. पण ग्रेलच्या मागे निघालेला क्रेत्याँचा नायक पर्सिव्हलच आणि गॅलहॅड त्याच्यानंतरचा. म्हणजे मॅलरीचा हिशेब चुकवून सिनेमा जुन्या खात्याशी जुळतो. आर्थरची जादूगार बहीण मॉर्गन, तिचंही तसंच. तिला चांगली दाखवली की लोक ‘हे आजकालचं’ म्हणतात. बाराव्या शतकात जेफ्रीच्याच, जादूगार मर्लिनवरच्या काव्यात ती बेटावर राहणारी, जखमी आर्थरवर उपचार करणारी विदुषी आहे. दुष्टपणा नंतर चिकटला.

कोरी जागा आणि खाडाखोड यांतही फरक करा. आर्थरच्या बालपणावर मॅलरी जवळजवळ गप्प आहे. इंग्रज कादंबरीकार टी. एच. व्हाइटने १९३८ साली तिथे मर्लिनला शिक्षक केलं आणि पोराला मासा, पक्षी करून शिकवायला लावलं. हे सगळं त्याच्या पदरचं, पण कोणाची नोंद खोडून नव्हे. अशाला मी पूर्ण मार्क देतो.

आता माझा हट्ट. मॅलरीत शेवटच्या लढाईआधी आर्थर आणि त्याच्यावर उलटलेला मॉर्ड्रेड प्रत्येकी १४ माणसं घेऊन तहाला भेटतात. दोघांनीही आपापल्या सैन्याला बजावलंय, उपसलेली तलवार दिसली की तुटून पडा. तह होतो. तेवढ्यात झुडपातून एक साप निघून एका सरदाराच्या पायाला डसतो. तो सापाला मारायला तलवार उपसतो. ती चमकलेली दोन्हीकडे दिसते, आणि संध्याकाळपर्यंत काही उरत नाही. नावं बदला, एकाची दोन माणसं करा, चालवून घेईन. पण साप काढून मॉर्ड्रेडने दगा दिला असं दाखवलं की मी तांबड्या शाईने काट मारतो. कोणाचाच डाव नव्हता, तेच तर पोटात खड्डा पाडतं.

मागच्या रविवारी अशीच काट मारली, तर नात म्हणाली, “आजोबा, चौथा रकाना?” जेफ्री उघडला. लढाई आहे, मॉर्ड्रेड आहे, साप नाही. तिने माझ्याच हातातलं तांबडं पेन घेतलं आणि माझ्या नोंदीपुढे लिहिलं, ‘साप – ११३६च्या शिलकेत नाही.’ खाली माझी सही घेतली.