पाइनचा बाऊल, उपटलेले रेषे आणि शेवटी सापडलेला उपाय

पाइनचा बाऊल लेथवर (लाकूड गोल फिरवत कोरायचं यंत्र) घेतला की दर वेळी तेच, दोन समोरासमोरच्या जागी रेषे उपटलेले, हात फिरवला तर खरखरीत, बाकी सगळं मस्त गुळगुळीत. त्या दोन जागी रेषे उभे येतात आणि त्यांना मागून आधार नसतो, त्यामुळे टूल त्यांना कापायच्या ऐवजी वाकवून उपटतं, आणि पाइन मऊ असल्याने हे जास्तच होतं.

आधी मी ८० नंबरच्या जाड सँडपेपरने घासत बसायचो, ते नका करू, मऊ भाग खाली जातो आणि कडक रेघा वर राहतात, शिवाय उपटलेले खड्डे तसेच.

खरा फरक पडला धारेने. आता शेवटच्या हातापूर्वी गाऊज (बाऊल कोरायची खोलगट छिन्नी) परत ग्राइंडरवर घेतोच, आधीची धार चांगली वाटली तरी, कारण हार्डवुडला, म्हणजे कडक लाकडाला, चालणारी धार पाइनला चालत नाही. मग बेव्हल, म्हणजे धारेमागची उतरती बाजू, लाकडावर टेकवून, अगदी पातळ छिलका निघेल इतकाच कट, हात सावकाश. बाहेरून बुडाकडून काठाकडे, आतून काठाकडून मध्याकडे, म्हणजे रेष्यांना मागून आधार मिळतो.

तरी थोडं राहिलंच तर तिथे पातळ केलेलं शेलॅक (लाखेचं पॉलिश) लावतो, पूर्ण वाळू देतो, रेषे कडक होतात, मग स्क्रेपर (खरवडायचं सपाट हत्यार) साधारण ४५ अंशात तिरका धरून हलकेच फिरवतो, कापसासारखा बारीक भुसा निघायला लागला की समजायचं बरोबर चाललंय. आता सँडिंग थेट १८० पासून सुरू करतो.