फिट, ताप आणि मेंदूतली रिंग: एमआरआय वाचताना

अक्कलकोट, मोहोळ किंवा मंगळवेढ्याहून ‘पहिली फिट’ म्हणून सोलापुरात एमआरआयला आलेल्या तरुण रुग्णाच्या फिल्मवर रिंग (कडा उजळलेली गोल गाठ) दिसली की ‘टीबी किंवा सिस्टिसर्कोसिस (फीतकृमीच्या अळीची गाठ)’ लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं लिहिण्याआधी रिंगच्या आत काय आहे ते पाहा.

सिक्वेन्स (एमआरआयच्या वेगवेगळ्या चित्रमालिका) आधीच ठरवा: टी१, टी२, फ्लेअर (मेंदूभोवतीच्या पाण्याची चमक दाबलेलं टी२), बी-१००० डिफ्युजन (पाण्याच्या कणांची हालचाल दाखवणारं), एडीसी (त्याच हालचालीचा मोजलेला नकाशा), एसडब्ल्यूआय (रक्त, लोह, कॅल्शियम टिपणारं) आणि मग कॉन्ट्रास्ट. गॅडोलिनियमचा (कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनचा) डोस किलोमागे ०.१ मिलिमोल, म्हणजे ०.५ मोलरचं औषध असेल तर ५० किलोच्या रुग्णाला १० मिली. त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून घ्या. खर्चामुळे कॉन्ट्रास्ट वगळावा लागला तरी डिफ्युजन सोडू नका.

रिंगचा मधला भाग डिफ्युजनवर पांढरा आणि एडीसीवर काळा असेल तर पू धरून चाला आणि न्यूरोसर्जनला लगेच कळवा. एडीसी न बघता निदान केलं तर टी२ शाइन-थ्रू (टी२चाच पांढरेपणा डिफ्युजनवर उमटणं) हमखास फसवतो. एसडब्ल्यूआयवर बाहेर काळी, आत पांढरी अशी दुहेरी कड दिसली तर ॲब्सेसची (पुवाच्या गाठीची) बाजू आणखी भक्कम होते.

खरा घोळ ट्यूबरक्युलोमाचा (टीबीच्या गाठीचा). आतलं केसिएशन (टीबीत मेलेला, चीजसारखा भाग) घट्ट असेल तर टी२वर मध्य काळा दिसतो. ते पातळ झालं की मध्य पांढरा होतो, डिफ्युजनही अडू शकतं आणि चित्र ॲब्सेससारखं होतं. अशा वेळी स्पेक्ट्रोस्कोपी (गाठीतली रसायनं आलेखावर दाखवणारी एमआरआय तपासणी) करा. आलेखाच्या पट्टीवर १.३ पीपीएमला लिपिडचं (चरबीचं) शिखर, पण ०.९ला अमिनो आम्लं नाहीत, असं असेल तर टीबीकडे झुका. सिस्टिसर्कोसिसची रिंग सहसा २० मिलिमीटरपेक्षा लहान आणि गुळगुळीत असते; आत स्कोलेक्सचा (अळीच्या डोक्याचा) ठिपका दिसला तर वादच मिटला. त्याहून मोठी, वेडीवाकडी कड, मिडलाइन (मेंदूची मधली रेषा) सरकलेली आणि वाढत जाणारी कमजोरी असेल तर ट्यूबरक्युलोमा जास्त संभवतो. जुने कॅल्सिफाइड ठिपके साध्या सीटीवर जास्त सहज सापडतात. छातीचा एक्स-रे आणि एचआयव्हीचा रिपोर्ट मागितल्याशिवाय रिपोर्टवर सही करू नये, असं आमचं मत.

टीबी मेनिन्जायटिसमध्ये (मेंदूच्या आवरणाच्या टीबीत) मेंदूच्या तळाच्या सिस्टर्न्स (पाण्याच्या पोकळ्या) कॉन्ट्रास्टने उजळतात. सोबत हायड्रोसेफॅलस (मेंदूत पाणी साचणं) आणि बेसल गँग्लियातले (मेंदूच्या खोल गाभ्यातले) इन्फार्क्ट (रक्त न मिळाल्याने मेलेले भाग) शोधा. मात्र एलपीनंतर (पाठीतून पाणी काढल्यानंतर) काढलेल्या स्कॅनमध्ये ड्युरा (मेंदूचं बाहेरचं आवरण) नुसत्या कमी दाबामुळेही उजळतो, आणि भूल देऊन ऑक्सिजनवर ठेवलेल्या मुलांत फ्लेअरवर सल्कस (मेंदूवरच्या खाचा) पांढरे दिसू शकतात. म्हणून एलपीची तारीख आणि भुलीची नोंद फॉर्मवर हवीच. उलट, स्कॅन नॉर्मल आला म्हणून मेनिन्जायटिस नाही असं कधीही लिहू नका.

ताप, बडबड आणि फ्लेअरवर टेम्पोरल लोबचा (कानाजवळच्या मेंदूचा) आतला भाग आणि त्याला लागून खोलवर असलेला इन्सुला पांढरे, पण बेसल गँग्लिया शाबूत: हे हर्पिस (विषाणूमुळे मेंदूला आलेली सूज). पहिल्या एक-दोन दिवसांत सीटी नॉर्मल असू शकतो. वॉर्डला फोन करा. किडनी ठीक असलेल्या प्रौढाला असायक्लोव्हिर किलोमागे १० मिलिग्रॅम दर ८ तासांनी, पीसीआरची (विषाणू शोधणाऱ्या तपासणीची) वाट न बघता.