प्रायव्हेट म्हणजे नक्की कुणापासून लपवलेलं?

कॉलेजात प्रोग्रामिंग शिकताना प्रायव्हेटची व्याख्या पाठ केली होती: क्लासच्या (ज्या साच्यावरून ऑब्जेक्ट बनतात त्याच्या) बाहेरून दिसत नाही. तरी डोक्यात चित्र वेगळंच होतं. प्रत्येक ऑब्जेक्टचं आपापलं कुलूपबंद कपाट, एकाला दुसऱ्याचं उघडता येत नाही, असं मी धरून चाललो होतो.

पहिल्या नोकरीत जावामध्ये रकमेचा एक क्लास लिहायला मिळाला. दोन रकमा सारख्या आहेत का हे बघणारी मेथड, म्हणजे क्लासमधलं फंक्शन, हवी होती. समोरच्या ऑब्जेक्टचं प्रायव्हेट फील्ड (त्यात साठवलेलं मूल्य) वाचता यावं, एवढ्यासाठी मी पब्लिक गेटर, म्हणजे ते मूल्य कुणालाही देणारी मेथड, लिहिला. रिव्ह्यू करणाऱ्या सीनियर मॅडम म्हणाल्या, "अरे, तू त्याच क्लासमध्ये आहेस ना? मग सरळ डॉट लावून वाच." गेटर काढला आणि कोड विनातक्रार कंपाइल झाला. कपाटाचं चित्र तिथेच पुसलं गेलं. जावा, सी प्लस प्लस, सी शार्प या भाषांत कंपायलर (कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) बघतो तो कोड कुठे लिहिलाय ते. ऑब्जेक्ट कुणाचा, ते नाही.

सगळीकडे मात्र असं नाही. रुबीत त्याच क्लासच्या दुसऱ्या ऑब्जेक्टवर प्रायव्हेट मेथड बोलावली तर एरर येतो. अशा तुलनेसाठी तिथे प्रोटेक्टेड (त्याच क्लासच्या दुसऱ्या ऑब्जेक्टवरही चालणारं) वापरतात. पायथनमध्ये नावाआधी दोन अंडरस्कोर दिले की आत नाव बदललं जातं, एवढंच; खरं कुलूप नसतं. काहीच लिहिलं नाही तर काय धरलं जातं, हेही भाषेगणिक बदलतं: सी प्लस प्लसच्या क्लासमध्ये प्रायव्हेट, तिथल्याच स्ट्रक्ट या क्लाससारख्या प्रकारात पब्लिक, जावाच्या क्लासमध्ये त्या पॅकेजपुरतं (क्लासच्या गटापुरतं) खुलं. नवी भाषा हातात आली की मी आधी हे तपासतो.

खरा त्रास झाला तो पुढे. ऑर्डरच्या क्लासमध्ये वस्तूंची यादी प्रायव्हेट होती आणि एकूण बेरीज वेगळ्या फील्डमध्ये ठेवलेली. यादीचा गेटर मी सवयीने लिहून टाकला. दुसऱ्या कुणीतरी तो वापरून यादी घेतली आणि तिच्यातून एक वस्तू काढली. बेरीज जुनीच राहिली. दोन दिवस मी बेरजेचा कोड तपासत बसलो, दोष तिथे नव्हताच. फील्ड प्रायव्हेट होतं, पण गेटरने मूळ यादीचाच रेफरन्स (प्रत नव्हे, मूळ यादीकडे नेणारा दुवा) बाहेर दिला होता. कंपायलरच्या दृष्टीने सगळं बरोबरच.

शेवटी गेटरमधून लिस्टची कॉपीऑफ मेथड वापरून यादीची न बदलणारी प्रत द्यायला लागलो (ही मेथड जावा १० पासून आहे). वस्तू काढण्यासाठी ऑर्डरमध्येच वेगळी मेथड लिहिली, तीच बेरीजही बदलते. मात्र प्रतीतल्या वस्तू त्याच मूळच्या असतात. त्यांची किंमत बाहेरून बदलता येत असेल, तर बेरीज पुन्हा चुकणारच. म्हणून वस्तूच्या क्लासमधला किमतीचा सेटरही (किंमत बदलणारी मेथड) मी काढून टाकला.